सर्व्हेच्या विमानातली नोकरी

कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळून वर्ष उलटलं होतं आणि मी शहापूरच्या घरात बसून होते. बाजारात भाजी घ्यायला गेलं की ओळखीची बाई मेथीची जुडी हातात देता देता विचारायची, "मग, कधी उडवतेस विमान?" मी म्हणायची, लवकरच. पुढेपुढे मी भाजी आणायला आईलाच पाठवायला लागले.

बाबांचं हायवेला लागून ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मी ट्रेनिंग पुरं करून आले तेव्हा त्यांनी माझा युनिफॉर्ममधला फोटो मोठा करून गल्ल्याच्या मागे लावला होता. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते तो दाखवायचे. वर्षभरानंतर त्याच खिळ्यावर एका टायर कंपनीचं कॅलेंडर आलं. फोटो कॅलेंडरच्या मागेच होता, काढला नव्हता. मुद्दाम झाकला की दुसरा खिळा रिकामा नव्हता म्हणून, हे मी विचारलं नाही.

माझ्या शिक्षणाचा पैसा आमच्या जमिनीतून आला. रस्त्यासाठी जमीन गेली आणि मोबदला आला, त्यातून मी शिकले. पण बाबांना त्याचा आनंद कधी झाला नाही. रस्ता येणार हे काही लोकांना दोन वर्षं आधी माहीत होतं. त्यांनी आजूबाजूच्या जमिनी गुपचूप घेतल्या, आमच्या चुलत्यांचीही घेतली आणि मग सरकारला चढ्या भावाने दिल्या. "आपल्याला सगळ्यात शेवटी कळला," हे वाक्य मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले. त्यामुळे आमच्या घरात कोणाचाही भरवसा पटकन बसत नाही. पांढऱ्या गाडीतून कोणी उतरलं की आई आधी दार लोटून घेते आणि मग खिडकीतून विचारते, कोण पायजे.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता एकाच आठवड्यात मला दोन नोकऱ्या चालून आल्या.

पहिला फोन मी जिथे शिकले त्या फ्लाइंग स्कूलच्या मुख्य सरांचा होता. माणूस कमी बोलणारा. "इन्स्ट्रक्टर व्हायचंय का? शिकवायचं रेटिंग आम्ही करून देऊ. पगार सांगण्यासारखा नाही, आणि दोन वर्षं सोडून जायचं नाही. विचार करून कळव." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. काम मला ठाऊक होतं. एका इंजिनाचं छोटं विमान, शेजारी घाबरलेला विद्यार्थी, दिवसभर उतरायचं आणि पुन्हा उडायचं. गाव परक्या राज्यातलं, उन्हाळ्यात पत्र्यासारखं तापणारं.

दुसरा फोन एका कॅप्टनचा. माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्राने त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांची सर्व्हेची कंपनी होती. विमानाच्या पोटात कॅमेरा बसवलेला, जमिनीवरून ठरलेल्या रेषांत उडत जायचं आणि कॅमेरा फोटो घेत राहतो. विमान दोन इंजिनांचं. नव्या पायलटला दोन इंजिनांच्या विमानावर उडायला मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. पुढे एअरलाइनकडे अर्ज करताना त्या विमानावर उडलेले तास उपयोगी पडतात. तळ नाशिकच्या पलीकडे एका जुन्या धावपट्टीवर, म्हणजे कसारा घाट चढून गेलं की झालं. शिवाय पगार चांगला.

मी विचारलं, "सर, एवढे अनुभवी पायलट रिकामे आहेत. मला कसं काय?"

ते हसले. "तू त्या भागातली ना, शहापूर-मुरबाडची? मग उत्तम. आम्हाला लोकल मुलगीच हवी होती, बेटा."

तेव्हा मला बरं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य खुपायला लागलं. विमान काय मुरबाडच्या नाक्यावर थांबवून कोणाला वाट विचारायची होती? आकाशात उडायला लोकल मुलगी कशाला?

आईने वेगळंच विचारलं. "हापिसात अजून बायका हायत का?"

"माहीत नाही."

"मग आधी ते बघ."

बाबांनी काहीच विचारलं नाही. ते नुसते म्हणाले, "घराजवळ हाय. घे."

कॅप्टननी आधी एकदा सोबत उडून बघायला बोलावलं. नोव्हेंबर होता, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. मी पहाटेची गाडी पकडून नाशिकला गेले, तिथून त्यांच्या ड्रायव्हरने धावपट्टीवर नेलं. विमान जुनं होतं पण बाहेरून चकचकीत. कॅप्टन पन्नाशीचे, उंच, अत्तर लावलेले. मागच्या सीटवर कॅमेरा सांभाळणारे एक गृहस्थ होते, कानाला हेडफोन लावून स्क्रीनकडे बघत बसलेले.

मी विचारलं, "आज कुठे जायचं, सर?"

"धरणाच्या पाणलोटाचं काम आहे," ते म्हणाले.

उडण्याआधी धावपट्टीच्या टोकाशी थांबून इंजिनं तपासतात. प्रत्येक इंजिनात ठिणगी देणाऱ्या डावी-उजवी अशा दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक बंद करून बघायचं, दुसरीवर इंजिन नीट चालतं का, मग उलट. इंजिनाचा वेग थोडा पडतो, तेवढं चालतं. उजवं इंजिन व्यवस्थित होतं. डाव्या इंजिनाची एक बाजू बंद केली तशी ते खोकायला लागलं. सगळं विमान थरथरलं. मी काट्याकडे बघितलं, मग कॅप्टनकडे.

"थंडीत असंच करतं," ते म्हणाले. त्यांनी इंजिनाचा वेग वाढवला, थोडा वेळ तसंच धरलं. प्लगवरची काजळी जाळायला असं करतात, हे मलाही शिकवलेलं होतं. पुन्हा तपासलं तेव्हा खोकला कमी झाला, पण गेला नाही. "बघ, झालं," असं म्हणून त्यांनी विमान धावपट्टीवर घेतलं. मी काही बोलेपर्यंत आम्ही हवेत होतो.

थंडी खरं तर राहिलीच नव्हती. ऊन चांगलं चढलं होतं.

सह्याद्रीची धार ओलांडली आणि खाली आमचा तालुका पसरला. मी तो वरून पहिल्यांदा बघत होते. हायवे, त्याच्या कडेला दुकानांचे पत्रे, कापायला आलेल्या भाताचे पिवळे तुकडे, लांबवर धरणाचं पाणी. नजर मात्र सारखी डाव्या इंजिनाच्या काट्याकडे जात होती. धरण आमच्या मागे पडलं. आम्ही दक्षिणेला मुरबाडच्या बाजूला सरकलो, आणि मग शेतात नांगर फिरवावा तशा जाऊन-येऊन रेषा सुरू झाल्या. एक रेषा संपली की वळायचं, शेजारची रेषा धरायची. तिसऱ्या-चौथ्या रेषेला सिद्धगडाचा डोंगर पंखाजवळ आला आणि त्याच्या पायथ्याशी मला माझ्या मावशीचा पाडा दिसला. शाळेचं निळं छप्पर, त्याच्यामागे चिंचेचं झाड, त्याच्या पलीकडे मावशीचं कौलारू घर.

"सर, धरण तर मागे राहिलं."

"हो," ते म्हणाले, "आज वनखात्याचं काम आहे. जंगल मोजायचंय."

सकाळी पाणलोट म्हणाले होते, तासाभरात त्याचं जंगल झालं.

उतरल्यावर विमानाच्या देखभालीचा इंजिनिअर आला. बोटाला ग्रीस लागलेली, खिशात टॉर्च. प्रत्येक उड्डाणानंतर इंजिनिअर विचारतो तसं त्याने विचारलं, "काही स्नॅग, सर?" स्नॅग म्हणजे बिघाड.

"काही नाही. एकदम फर्स्टक्लास," कॅप्टन म्हणाले आणि घड्याळ बघत चालायला लागले.

ज्या दिवशी पहिल्यांदा विमानात बसले त्या दिवसापासून मला एकच शिकवलं होतं, की जे दिसलं ते सांगायचं. कारण आपण उतरल्यावर त्याच विमानात दुसरं कोणीतरी बसणार असतं. मी म्हटलं, "डावं इंजिन तपासताना खोकत होतं. उजवी ठिणगी बंद केली की."

इंजिनिअरने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने कॅप्टनकडे बघितलं. त्याला ते आधीच माहीत होतं, असं मला त्या बघण्यावरून वाटलं. कॅप्टन हसले. "नवीन मुलं फार सावध असतात," ते त्याला म्हणाले. "बघून घे रे एकदा."

परतताना गाडीत ते माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "बेटा, आपल्यातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात. मला विचारायचं."

मी रेल्वेने आसनगावला, आमच्या स्टेशनवर, उतरून घरी पोचले तेव्हा नोकरी गेली असंच धरून चालले होते. आईला सांगितलंही तसं. पण संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी फार छान उडते, म्हणाले. त्या दिवशी मी विमान वळवायच्या दांडीला धड हातही लावला नव्हता. आणि पगार आणखी वाढवून देतो, सोमवारपासून ये.

चूक दाखवल्याबद्दल माणूस रागावला असता तर मला समजलं असतं. पगार वाढवल्यामुळे मात्र माझी झोप उडाली.

त्या दिवशी जेवताना बाबा एकदम बोलके झाले. भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांनी विचारलं, "कुठनं कुठं फिरलाव?"

मी सांगितलं. मावशीचा पाडा दिसला, हे ऐकून आईने तिथल्या तिथे मावशीला फोन लावला आणि लेक तुझ्या घरावरून उडून गेली म्हणून कौतुकाने सांगितलं. बाबा तिचं बोलणं संपायची वाट बघत होते.

"मुरबाडच्या कुठल्या अंगाला? नदीच्या अल्याड का पल्याड?"

"कशाला, बाबा?"

"असाच. गावं कुठली कुठली घेतली?"

मी म्हटलं, नीट लक्षात नाही. होतं लक्षात. पण त्यांच्या विचारण्यात मुलीचं कौतुक नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना उत्तर चोरून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात डबा द्यायला गेले तर गल्ल्याशेजारी बाबांचे मित्र बसलेले. जमिनीची दलाली करतात. हायवेच्या वेळीही केली होती आणि बाबा त्यांना तेव्हा शिव्या घालायचे. आता समोर पेढ्यांचा पुडा उघडा होता. "या कॅप्टन मॅडम," ते उठून म्हणाले. "आता आमाला काय चिंता? वरचा सगळा आधी तुमालाच दिसणार." बाबा हसले. गल्ल्याच्या मागचं कॅलेंडर काढलेलं होतं आणि माझा फोटो पुन्हा दिसत होता.

मी पेढा घेतला नाही. पोट बरं नाही म्हटलं.

त्या शनिवारी मावशीकडे भाताची झोडणी होती. मी दरवर्षी जाते. शहापूरहून एसटीने मुरबाड, तिथून शेअर जीपने पाड्याच्या फाट्यापर्यंत, पुढे चालत. खळ्यावर पोचले तेव्हा आठ-दहा बायका भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होत्या, हसणं-बोलणं चाललं होतं. मला बघितल्यावर हात चालू राहिले, बोलणं थांबलं. मी पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि एक पेंढी उचलली. शेजारची बाई सरकून लांब उभी राहिली.

पाड्याच्या वरच्या अंगाला जंगलाला लागून एक वाडी आहे. तिथल्या माणसांना स्वतःची जमीन नाही. पिढ्यानपिढ्या जंगलातले छोटे तुकडे कसतात, एरवी मजुरीला जातात, दिवाळीनंतर बरीचशी घरं वीटभट्टीवर निघून जातात. त्या तुकड्यांवर नाव लागावं म्हणून त्यांनी सरकारकडे दावे केलेले आहेत. त्या वाडीतली एक बाई मावशीकडे नेहमी कामाला येते. लहानपणी तिने मला करवंदं खाऊ घातलीत. तीच शेवटी बोलली.

"ताय, इमान तूच नेलंस का आमच्यावरून?"

"मी बसले होते त्यात. चालवत दुसरे होते."

"चार येळा फिरला. पोरा भ्याली." तिने पेंढी खाली ठेवली. "आमचा दावा अजून लागला नाय. मागं माणसां आली, फिती लावून गेली, काय सांगला नाय. आता वरून मोजतात. कोनासाठी मोजता गो?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "खरंच माहीत नाही."

"इमान तुमचा आन तुला म्हायीत नाय?"

तिने पुन्हा पेंढी उचलली आणि फळीवर जोरात आपटली. दुपारी जेवायला ती माझ्या पंगतीला बसली नाही. भाकरी घेऊन झाडाखाली गेली आणि बाकीच्याही तिच्यामागे गेल्या.

मावशीने मला घरात ओढलं. "तुझ्या आईला काय गरज होती फोन करायची? आन मी येडी, मी सगल्यांना सांगत सुटले, माझी भाची वरून गेली. आता लोक माझ्याशी बोलत नाय. म्हनतात, हिला सगला म्हायीत व्हता."

"मावशी, मी विचारून येते. काम कोणाचं आहे ते."

"इचार. आन मगच ये."

सोमवारी मी कामावर न जाता कॅप्टनच्या ठाण्याच्या ऑफिसात गेले. काचेचा दरवाजा, थंड हवा, भिंतीवर विमानांचे फोटो. आईने सांगितलं होतं म्हणून आधी बघून घेतलं. रिसेप्शनवर एक मुलगी होती, आत दोघीजणी संगणकावर काम करत होत्या. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. कॅप्टननी चहा मागवला.

मी सरळ विचारलं. "सर, मुरबाडचं काम कोणासाठी आहे?"

"का? कोणी काही म्हणालं?"

"मला कळायला हवं. मी तिथली आहे."

त्यांनी खुर्ची मागे रेलली. "पिण्याच्या पाण्याची योजना आहे. चांगलं काम आहे. तुझ्या त्या मावशीच्या पाड्यावरही नळ येईल, बघ."

म्हणजे पाणलोट झाला, जंगल झालं, आता नळ. पण मी दचकले ते वेगळ्याच गोष्टीने. मी त्यांना मावशीबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. विमानात पाडा दिसला तेव्हाही मी तोंड उघडलं नव्हतं.

"मावशीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग मोकळेपणाने हसले, जणू लपवण्यासारखं त्यात काही नाही. "तुझ्या वडिलांचे मित्र येऊन गेले ना परवा. फार चांगला माणूस. त्या भागाची नस न् नस माहीत आहे त्यांना. आम्हालाही खाली ओळखीची माणसं लागतात, बेटा. म्हणून तर लोकल मुलगी हवी होती."

मी चहा तसाच ठेवून उठले. "विचार करून सांगते," एवढंच म्हणाले.

घरी न जाता आसनगाव स्टेशनवरून मी थेट दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. बाबा एका बेअरिंगला कपडा मारत होते.

"बाबा, कॅप्टनचा नंबर तुमच्या मित्राला कोणी दिला?"

त्यांनी वर बघितलं नाही. "मी."

"का?"

"तुझ्या फोनमधला नुसता नंबर दिला. त्यात काय झाला?"

"ते तिथे जाऊन आलेत. मावशीच्या घरापर्यंतची माहिती देऊन आलेत. तुम्हाला माझ्याकडून काय हवंय, बाबा? कुठून काय जाणार हे मी येऊन सांगायचं, आणि तुम्ही दोघांनी तिथल्या जमिनी घ्यायच्या?"

बेअरिंग त्यांनी काउंटरवर ठेवलं. "सगली तेच करतात. आपल्याबरोबर नाय केला? तवा कोनी येऊन सांगितला का आमाला? एकदा, आयुष्यात एकदा आपल्याला आधी कळतंय, तर तुला लाज वाटते?"

"ज्यांच्याकडून घ्यायच्या ती माणसं मावशीच्या खळ्यावर होती. ती विचारत होती, कोणासाठी मोजता."

"मग काय सांगितलास?"

"माहीत नाही म्हटलं."

एक ट्रक येऊन उभा राहिला, ड्रायव्हरने काहीतरी मागितलं, बाबांनी ते काढून दिलं. तो गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मी काय चोर नाय."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलास."

मला रडू येत होतं. बाबांना मी चोर समजत नव्हते. पण मी रोज घरी येऊन काय सांगते आणि काय गाळते याच्यावर ते नजर ठेवणार, आणि ते काय विचारतात आणि का विचारतात याच्यावर मी. अशी नोकरी करायची म्हणजे घरातही दार लोटून खिडकीतून बोलण्यासारखंच होतं.

तिथूनच, दुकानाच्या बाहेर उभी राहून, मी कॅप्टनना फोन करून नाही सांगितलं. ते चिडले नाहीत. "तू फार संशयी आहेस," ते म्हणाले. "या धंद्यात असं चालत नाही." मग फ्लाइंग स्कूलच्या सरांना फोन केला. जागा अजून आहे का, विचारलं. "आहे. कधी येतेस?" एवढंच ते बोलले. त्यांनाही मी लगेच सोडलं नाही. विमानं किती, त्यांची देखभाल कोण करतं, इंजिनिअर टिकून राहतात का, इन्स्ट्रक्टरला एखाद्या दिवशी उडायचं नाही म्हणता येतं का, असं सगळं विचारून घेतलं. सरांनी एकेका प्रश्नाला एकेका शब्दात उत्तर दिलं आणि शेवटी म्हणाले, "आल्यावर सगळं स्वतः बघ. नाही पटलं तर त्याच दिवशी परत जा. दोन वर्षांचं नंतर बोलू."

मी निघाले त्या दिवशी बाबा दुकानातच राहिले. आई स्टेशनपर्यंत आली.

माझी जागा माझ्या मित्राने घेतली, ज्याने मला नंबर दिला होता त्यानेच. मी त्याला इंजिनाचं आणि बाकीचंही सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "अगं, सगळीकडे असंच असतं." त्यालाही घरी बसून वर्षाच्या वर झालं होतं, मी त्याला दोष दिला नाही. पण पुढचे कितीतरी महिने त्याचा मेसेज यायला उशीर झाला की माझ्या छातीत धस्स व्हायचं.

त्याला काहीच झालं नाही. वर्षभर तो सर्व्हेच्या विमानावर उडला, दोन इंजिनांचे तास जमवले आणि माझ्याआधी एका मोठ्या एअरलाइनमध्ये लागला. तो भेटला तेव्हा मी विचारलं, "डाव्या इंजिनाचं काय झालं?"

"बदललं ना नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"सोड ना आता," तो म्हणाला आणि विषय बदलला. त्यापुढे मला कधी कळलं नाही.

मोजणी कशासाठी होती तेही त्यानेच सांगितलं. उच्च दाबाच्या विजेच्या तारांची लाइन टाकायची होती. दोन-तीन वाटा मोजून बघितल्या आणि शेवटी शहापूरच्या बाजूची ठरली. मुरबाडकडची वाट सोडून दिली. म्हणजे मावशीचा पाडा आणि वरची वाडी दोन्ही वाचले. कॅप्टनना हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती, हे मला आजही समजत नाही. कदाचित ज्याचं काम त्यानेच गुप्त ठेवायला सांगितलं असेल. कदाचित त्यांना सरळ बोलायची सवयच नसेल.

बाबांच्या मित्राने मात्र मुरबाडच्या बाजूला डोंगरउताराचा एक मोठा तुकडा अंदाजाने घेऊन ठेवला होता. त्यात बाबांचाही हिस्सा असणार होता. मी गेल्यावर बाबांनी अंग काढून घेतलं. तिथे ना रस्ता आला ना तारा. ते मित्र दुकानात अजून येतात, पण चहा पिऊन लगेच उठतात. बाबा या विषयावर माझ्याशी बोललेले नाहीत. पहिल्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "तिथली विमानां बरी हायत ना?" मी हो म्हटलं. "मग झाला," म्हणाले आणि फराळाचं ताट माझ्याकडे सरकवलं.

मावशीकडे मी त्यानंतरच्या झोडणीला गेले. तारांचं सगळ्यांना सांगितलं, जसं मला कळलं तसं. वाडीतल्या त्या बाईने ऐकून घेतलं. "बरा झाला," म्हणाली. मग थोड्या वेळाने, पेंढी आपटता आपटता, "आता नाय म्हनतात. उद्या काय म्हनतील, कोनाला ठाव." त्या दुपारी मात्र ती माझ्या शेजारी जेवायला बसली.

फ्लाइंग स्कूलमध्ये मी दोन वर्षांहून जास्त राहिले. उन्हाने काळी झाले, पगार सांगण्यासारखा नव्हताच. पण बावीसेक मुलामुलींना मी पहिल्यांदा एकटं उडायला सोडलं, आणि ते उतरेपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभी राहून प्रत्येकाची वाट बघितली. गेल्या वर्षापासून मी लहान शहरांमध्ये जाणाऱ्या पंख्याच्या प्रवासी विमानावर सहवैमानिक आहे. आईने दोनदा प्रवास केला. बाबांना तिकीट काढते म्हटलं की ते म्हणतात, आधी पावसाळा जाऊ दे.